त्वचाविकार, तज्ज्ञ वैद्य आणि आरोग्य विमा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्य विम्याची पॉलिसी बाळगणारी घरे आज अमरावती-अकोल्याच्या व्यापारी वस्तीत पुष्कळ आहेत. 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणली, तेव्हा ती घेणारा मनुष्य विरळा होता. 1999 च्या विमा नियामक कायद्यानंतर खाजगी कंपन्या आल्या, एजंट घरोघरी पोहोचले, आणि दुकानाच्या परवान्याशेजारी पॉलिसीची फाईलही कपाटात जाऊन बसली. दरवर्षी हप्ता भरला जातो, पॉलिसी मात्र क्वचितच उघडून वाचली जाते. मग एके दिवशी घरातील कोणाच्या मांडीवर, कमरेवर किंवा पाठीवर चट्टा उठतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, “स्किनच्या डॉक्टरांची फी पॉलिसीत बसते का?” एजंट सांगतो, “नाही बसत.” आणि डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलले जाते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही ढकलाढकल हा आहे. ज्या गोष्टीसाठी विमा नाही, ती गोष्ट जणू आवश्यकच नाही, अशी एक विचित्र समजूत हप्ता भरणाऱ्या मनुष्याच्या मनात घर करते. विमा नसलेला शेतमजूर एकवेळ उसनवारी करून डॉक्टर गाठतो, परंतु वर्षाला वीस-पंचवीस हजारांचा हप्ता भरणारा गृहस्थ पाच-सातशे रुपयांच्या फीसाठी सहा महिने थांबतो. आधीच इतके पैसे भरले, आता खिशातून आणखी कशाला, हा त्याचा हिशेब. व्यापाऱ्याला शोभणारा हा हिशेब नव्हे.

प्रथम पॉलिसीत काय असते ते पाहू. आपल्याकडील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती होण्याशी बांधलेल्या आहेत. नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2020 पासून उपलब्ध झाली. तिचा मसुदा साधा असल्याने उदाहरणास ती बरी. किमान चोवीस तास भरती, अथवा एका दिवसात आटोपणाऱ्या ठराविक शस्त्रक्रिया व उपचार, एवढ्यांचाच खर्च तीत मिळतो आणि प्रत्येक दाव्याचा पाच टक्के भार विमेदाराने स्वतः सोसायचा असतो. भरतीपूर्वीचे तीस दिवस आणि सुटीनंतरचे साठ दिवस यांतील तपासण्या, औषधे व डॉक्टरांची फी मिळते, मात्र त्याच आजारासाठी भरती झाली असेल तरच. म्हणजे त्वचातज्ज्ञाला दाखवले, त्यांनी मलम व गोळ्या दिल्या आणि रोगी बरा झाला, तर पॉलिसीकडून एक पैसाही येणार नाही. तीच सूज पायभर पसरून ताप चढला, मधुमेही रुग्णाला भरती करावे लागले, तर तीस दिवसांपूर्वीची पहिली फीदेखील दाव्यात धरली जाईल. यास्तव पहिल्या भेटीची चिठ्ठी आणि फीची पावती कधीही फेकू नये.

त्वचेचे असे भरतीयोग्य आजार आहेतच. औषधाची तीव्र प्रतिक्रिया येऊन अंगाची साल निघणे, सर्वांगावर फोड येणारा पेम्फिगस, पसरलेला जंतुसंसर्ग, भाजणे, त्वचेचा कर्करोग. याउलट पुरळ, गजकर्ण, इसब, केस गळणे, कोडाचे डाग, मुरुमे ही सारी ओपीडीतील दुखणी होत. शिवाय सौंदर्यासाठी केलेले उपचार प्रमाणित अपवादांत मोडतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर करावी लागणारी पुनर्रचना त्यातून वगळलेली आहे, तद्वतच वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केलेली शस्त्रक्रियाही. कोडाचे उपचार सौंदर्यासाठीचे समजावेत की आजारावरचे, यावर कंपन्या आणि रुग्ण यांच्यात वाद होतात. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडाने होणारा विकार आहे, तो संसर्गजन्य नाही, हे लग्नाच्या बैठकीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, एवढे या ठिकाणी जाता जाता.

परदेशात मुले असलेली कुटुंबे येथे आहेत. त्यांच्या तोंडून ऐकू येते की तिकडे विम्यावर त्वचातज्ज्ञ भेटतो. ते खरे, पण अर्धेच. इंग्लंडमध्ये सरकारी सेवेतील प्रतीक्षा टाळण्यासाठी लोक खाजगी विमा घेतात आणि घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तज्ज्ञाकडे जातात. परंतु सोरायसिस, इसब यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या दुखण्यांचा नित्य उपचार तेथील खाजगी पॉलिसी बहुधा घेतच नाहीत. अमेरिकेत काही योजनांत चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही, काहींत जाता येते, पण दरवेळी ठराविक रक्कम खिशातून भरावी लागते. सारांश, विमा कुठलाही असो, त्याला काठ असतो.

आता एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ते आपल्या विदर्भातील आहे आणि कापडाशी संबंधित आहे. 2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन भारतीय स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध झाली. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील. पहिली स्त्री सत्तर वर्षांची. नऊवारीखालील परकराची नाडी ती वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळून बांधत असे. कमरेच्या उजव्या बाजूस जखम झाली, ती भरेना. दीड वर्ष तशीच राहिली. दुसरी स्त्री साठीच्या उत्तरार्धातील. ती परकर न घालता लुगडेच थेट कमरेला घट्ट गुंडाळत असे, तेही चाळीस वर्षे. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला आणि दुसरीच्या जांघेतील गाठीपर्यंत तो पोहोचलेला होता.

कमरेवरच्या अशा कर्करोगाला पूर्वी ‘साडी कॅन्सर’ म्हणत. या डॉक्टरांचे म्हणणे असे की दोष साडीचा नाही, आवळण्याचा आहे. सततच्या घर्षणाने व दाबाने त्वचा पातळ होते, सोलवटते, उन्हाळ्यात घाम आणि धूळ तेथे साचते आणि जखमेला भरून येण्यास उसंतच मिळत नाही. उपाय अगदी साधा सांगितला आहे. परकर सैल बांधावा आणि त्वचेला त्रास दिसू लागल्यास सैल कपडे वापरावेत. कापडाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या कोणासही हे पटेल की बारीक गोल नाडीपेक्षा रुंद पट्टी दाब वाटून घेते. आपल्या दुकानांतून शिवलेले परकर विकताना शंभरातील किती जणांनी हा विचार केला असेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता हे प्रकरण विम्याच्या चौकटीत ठेवून पाहा. दीड वर्षापूर्वी एका त्वचातज्ज्ञाची फी, कदाचित एक मलम आणि “नाडी सैल बांधा” हा सल्ला, एवढ्यात जे भागण्याची शक्यता होती, त्यासाठी सर्वसाधारण पॉलिसी काही देत नाही. कर्करोग झाल्यावर शस्त्रक्रियेसाठी लाखांत देते. विमा कंपनीला दोष देऊन उपयोग नाही, कराराचे स्वरूपच तसे आहे. पण करारात नसलेला आरंभीचा भाग ज्याचा त्याने स्वखर्चाने पुरा केला पाहिजे.

दुसरा विषय मलमांचा. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो, अमरावती फार मागे नसते. घाम, टेरिकॉटचा गणवेश, अंगाला चिकटलेली नायलॉनची वस्त्रे आणि जांघेत किंवा कमरेत उठणारे गजकर्ण, हे वऱ्हाडातील उन्हाळ्याचे ठरलेले चित्र. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण चिवट झाले आहे, नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाही, असे त्वचातज्ज्ञ सांगतात. त्याचे एक मोठे कारण म्हणून ते स्टेरॉइडमिश्रित मलमांकडे बोट दाखवतात. औषधाच्या दुकानात जाऊन “खाज येते, काही द्या” म्हटले की क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेली नळी मिळते. दोन दिवसांत खाज थांबते. मनुष्य खूश. बुरशी मात्र आत वाढत राहते, चट्ट्याचे रूप बदलते, कातडी पातळ होऊन पट्टे उमटतात, आणि अखेर डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनाही मूळ रोग ओळखणे कठीण जाते. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’ मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी ओळखीच्या दुकानदाराकडून नळी अजून मिळतेच. तीच नळी मग सून वापरते, नातू वापरतो. रात्री टॉवेल मात्र सर्वांचा एकच.

येथे व्यापारी हिशेब मांडून पाहावा. समजा, दरमहा दीडशे रुपयांच्या दोन नळ्या, घरातील तिघांनी वर्षभर वापरल्या. दहा हजारांवर रक्कम गेली आणि रोग तेथेच. त्वचातज्ज्ञाच्या तीन भेटी आणि दीड-दोन महिन्यांची गोळी, सर्व घराची एकाच वेळी, याचा खर्च बहुधा त्याहून कमी. यांपैकी कोणतीही रक्कम पॉलिसीतून मिळणारी नव्हती. तरीही पहिली रक्कम कोणास खर्च वाटत नाही, कारण ती सुट्या पैशांनी जाते.

आता तिसऱ्या चट्ट्याकडे वळू, जो खाजत नाही. अमरावतीकरांना तपोवनाची ओळख करून देण्याची गरज नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे सर्वांचे दाजीसाहेब, यांनी 1946 साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापून कुष्ठरुग्णांसाठी ती वसाहत उभी केली. 1959 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या काळी रुग्णाला घराबाहेर काढले जाई, त्या काळी त्यांनी त्याला काम आणि घर दिले. परतवाड्याजवळ कोठारा येथेही कुष्ठरोगाचे रुग्णालय आहे. इतका वारसा असलेल्या जिल्ह्यात आजही चट्टा लपविला जातो, ही खेदाची बाब आहे. फिकट किंवा लालसर डाग, त्यावर स्पर्श कळत नाही, खाज नाही, दुखणे नाही. दुखत नाही म्हणून मनुष्य दाखवीत नाही. आणि सुशिक्षित, सुखवस्तू घरात तर असा रोग होतच नाही, अशी समजूत असल्याने लपविणे अधिक.

1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, 1983 पासून देशाचा निर्मूलन कार्यक्रम त्या दिशेने चालला, आणि 2005 च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर हा रोग दहा हजारांत एकाहून कमी झाला. संपला मात्र नाही. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते, ते सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते आणि उपचार सुरू होताच रुग्ण इतरांना संसर्ग देईनासा होतो. म्हणजे या आजारासाठी विमा असो वा नसो, अडसर पैशाचा नाहीच. उशीर झाला तर बोटे वाकतात आणि वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. 2019 साली संसदेने वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती करून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकले. कायदा समाजाच्या पुढे गेला आहे, एवढेच म्हणता येईल.

तज्ज्ञासाठी नागपूरला धावण्याची आज प्रत्येक वेळी गरज उरलेली नाही. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय 1984 पासून आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2002 साली सुरू झाले, तेथील सर्वोपचार रुग्णालय पंचक्रोशीतील लोकांना ठाऊक आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याचा संकोच काही घरांना वाटतो, तो त्यांनी सोडावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तिचा पूर्वावतार 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत अमरावती होते. मात्र तीही भरती रुग्णांसाठीच आहे, हे विसरू नये.

येथून एक अप्रिय मुद्दा निघतो. ओपीडीचा खर्च मिळत नाही म्हणून “एक रात्र भरती दाखवा, सर्व तपासण्या निघून जातील” असा सल्ला देणारे लोक भेटतात. कधी एजंट देतो, कधी नातेवाईक, कधी आणखी कोणी. असा दावा दोन कारणांनी चुकीचा आहे. केवळ तपासणीसाठी झालेली भरती हा स्वतःच प्रमाणित अपवाद आहे, म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि लबाडी सिद्ध झाली तर पॉलिसी रद्द होऊ शकते, तीही संपूर्ण कुटुंबाची. सत्तरीतील आई-वडिलांना मग नवी पॉलिसी कोणत्या दराने मिळेल, याचा विचार करावा. याहून वेगळे सांगण्याची या सभेत गरज पडू नये, तरी सांगितले पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार मोजले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. खोटा लेख करणे. हुंडी आणि चोपडीच्या काळात श्रावकाला घातलेली ही मर्यादा डिस्चार्ज कार्डाला लागू होत नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?

खोट्या लेखाचा दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म, आणि तो पॉलिसी घेतानाच घडतो. प्रस्ताव अर्जात जुन्या आजारांचा रकाना असतो. सोरायसिस आहे, त्यावर गोळ्या चालू आहेत, पण “कातडीचे आहे, लिहायचे कशाला” म्हणून तेथे ‘नाही’ लिहिले जाते. पुष्कळदा अर्ज एजंट भरतो आणि विमेदार न वाचता सही करतो. सोरायसिस हा नुसता कातडीचा रोग नाही, त्यात सांधे धरू शकतात आणि त्याच्या काही गोळ्यांसाठी यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते. पुढे दावा लागला की जुन्या चिठ्ठ्या निघतात. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली मेडिक्लेमच्या एका प्रकरणात मधुमेह व मूत्रपिंडाचा आजार लपविल्याबद्दल दावा नाकारणे योग्य ठरविले. उलट 2021 साली, ज्याने आपला मधुमेह अर्जात स्पष्ट लिहिला होता त्याला त्याच न्यायालयाने न्याय दिला. अर्जात सांगितलेली गोष्ट जाणून पॉलिसी दिल्यावर कंपनीला तीच पुढे करून मागे फिरता येत नाही, असे ठरले. लिहून दिलेले अक्षर उपयोगी पडते ते असे. 1 एप्रिल 2024 पासून पूर्वीच्या आजारासाठीची प्रतीक्षा 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, आणि सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर लपविल्याचे कारण दाखवून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद सोडून. तीन वर्षे थांबण्याची तयारी ठेवून खरे लिहिणे, हाच येथे फायद्याचा मार्ग आहे. पॉलिसी हाती आल्यावर परत करण्यासाठी आता तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत एकदा तरी ती सुनेकडून किंवा नातवाकडून वाचून घ्यावी.

ओपीडीचा खर्च देणारी जोड-पॉलिसी अलीकडे मिळते. ती घ्यावी काय? साधी बेरीज-वजाबाकी करावी. समजा, वर्षाला चार हजारांचा जादा हप्ता आणि पाच हजारांची मर्यादा. घरात नियमित दुखणे नसेल तर हा व्यवहार तोट्याचा. असेल तर विचार करावा, पण आधी विचारावे की औषधे धरली आहेत काय, त्वचातज्ज्ञ धरला आहे काय, आणि कंपनीच्या यादीत अमरावती किंवा अकोल्याचे किती डॉक्टर आहेत. मुंबई-पुण्याच्या नावांनी भरलेली यादी येथे काय कामाची? त्यापेक्षा तेवढीच रक्कम घरच्या खातेवहीत ‘डॉक्टर’ या नावाने वेगळी काढून ठेवलेली बरी. सोरायसिसची महागडी जैविक इंजेक्शने लागणाऱ्यांनी मात्र पॉलिसीतील आधुनिक उपचारांचे कलम पाहावे. 2019 च्या नियमांनी तशा उपचारांची जी यादी घातली, तीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचे इंजेक्शन आहे. मर्यादा किती आणि कोणत्या रोगासाठी, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही.

शेवटी ट्रस्टच्या विचारार्थ एक सूचना. गेल्या काही वर्षांत अनेक समाजसंस्थांनी सामूहिक विम्याचा मार्ग धरला आहे. त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जाऊ शकतात, हा लाभ मोठा. पण संस्थेने करार पुढे चालविला नाही तर सदस्य उघडा पडतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, तो लाभ सामूहिक पॉलिसीला नाही. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला, महिन्यातून एका रविवारी सभागृहात त्वचातज्ज्ञांस पाचारण करावे. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर असाव्यात, पडद्याआड खोली असावी, कारण कमरेवरची जखम दाखविण्यास आजी तयार होत नाही, तिला संकोच असतो. ज्यांना फी व औषध परवडत नाही त्यांच्यासाठी छोटा निधी ठेवावा. अर्ज, शिफारस, उत्पन्नाचा दाखला यांचा घोळ नको. एका विश्वस्ताने चिठ्ठी पाहून पावतीएवढी रक्कम द्यावी आणि वार्षिक अहवालात केवळ रुग्णसंख्या छापावी. देणगीदारांची नावे दरवर्षीप्रमाणे छापावीत. घेणाऱ्यांची नावे मात्र कार्यालयाच्या वहीतही लिहू नयेत, पावतीचा क्रमांक पुरे.